वाचक विचारतात: डिस्कस माशाची अंडी पांढरी का पडतात?

प्रश्न: माझ्याकडे वाइल्ड ब्राऊन डिस्कसची जोडी आहे. उपड्या मडक्यावर अंडी घालते, दोघं राखणही करतात, पण दुसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी पडतात. पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ७५०. अंडी काढून वेगळी उबवू का?
– एक वाचक, रावेर

भाऊ, अंडी काढू नका, ती आई-बापाजवळच राहू द्या. राखण करणारी, अंडी न खाणारी वाइल्ड जोडी सहज मिळत नाही. तुमचं अडतंय ते पाण्यात.

आपल्याकडचं जड पाणी मोठ्या डिस्कसला चालून जातं. मासे खातात, अंगानं भरतात, म्हणून पाणी मानवलंय असं आपण धरून चालतो. अंड्यांचं गणित वेगळं आहे. हे मासे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, आणि त्यांच्या तिथल्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. कॅल्शियम जास्त असलं की अंडी फळण्याचं प्रमाण घसरतं. दीड दिवसाच्या आत सगळीच पांढरी होत असतील, तर ती फळलेलीच नाहीत. आधी काळसर होऊन मग एकेक मरत असतील, तर बुरशीचा विचार करायचा.

आधी एक खात्री करा. डिस्कसमध्ये दोन माद्याही जोडी जमवतात आणि दोघी अंडी घालतात. अंडी घालायच्या वेळी पोटाखालची नळी बघा. नराची बारीक आणि टोकदार असते, मादीची जाड, बोथट.

नर नक्की असेल तर आरओचं पाणी वापरा. घरच्या मशीनमध्ये मिनरल कार्ट्रिज किंवा टीडीएस वाढवायचा स्क्रू असतो, त्यामुळे पाणी मीटरवर मोजूनच घ्या. ४० टीडीएसच्या १९ लिटर पाण्यात तुमचं बोअरचं एक लिटर घातलं की टीडीएस ७५ च्या आसपास येतो. मला तेवढा पुरतो. पण हा बदल एका दिवसात करू नका. रोज थोडं थोडं पाणी बदलत दोन-तीन आठवड्यांत तिथवर या. सॉफ्टनरच्या नादी लागू नका. तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, टीडीएस तिथंच राहतो. पीएच उतरवायला ॲसिड ओतू नका, देशी बदामाची वाळलेली पानं पुरेत.

पावसाचं पाणी उत्तमच, पण तुम्ही केळीच्या पट्ट्यात राहता. करप्याची फवारणी चालू असते, म्हणून पहिले काही पाऊस वाहून जाऊ द्या. नंतरचं पाणी धुतलेल्या गच्चीवरून धरा आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून काढा.

हंगामाबद्दल माझं मत ठाम आहे. मी जळगावात वैशाखात जोडी बसवत नाही. हीटर बंद असूनही टाकीतलं पाणी ३३ अंशांच्या वर जातं, त्यात प्राणवायू कमी होतो आणि मासे थकतात. आषाढ लागला, हवा निवली की सुरुवात करा. वाइल्ड डिस्कस मुळातच पावसाळ्यात, नद्या चढू लागल्या की विणीला येतो. त्यामुळे जरा गार, मऊ पाणी भरपूर बदललं की जोडी हलते. नंतर तापमान २९ अंशांवर स्थिर ठेवा.

टाकी दोन बाय दीड बाय दीड फुटाची, तळ मोकळा, स्पंज फिल्टर मंद. एअर पंपाला बॅटरी हवीच, वीज कधी जाईल सांगता येत नाही. रात्री खोलीत मिणमिणता दिवा ठेवा, म्हणजे आई-बापाला अंडी दिसत राहतात.

साधारण अडीच दिवसांत अंडी फुटतात, आणखी दोन-तीन दिवसांत पिल्लं पोहू लागतात आणि थेट आई-बापाच्या अंगाला चिकटतात. म्हणूनच अंडी काढू नका म्हणते. पिल्लांचं पहिलं अन्न म्हणजे त्या दोघांच्या अंगावरचा चिकट स्राव. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की अंडी घातल्यावर या स्रावातली प्रथिनं आणि रोगप्रतिकारक द्रव्यं वाढतात. माणसाच्या आईनं दूध पाजावं तसंच हे, आणि इथे बापही पाजतो! एक दमला की अंगाला झटका देतो, पिल्लं दुसऱ्याकडे जातात. हे एकदा डोळ्यांनी पाहा, मग हातानं पिल्लं वाढवायची इच्छाच उरत नाही. त्या दिवसांत टाकीत काळा हीटर किंवा काळा स्पंज ठेवू नका; पिल्लं गडद वस्तूकडे ओढली जातात आणि तिथंच उपाशी मरतात. पोहू लागल्यावर चार-पाच दिवसांनी ताजी उबवलेली आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) द्या. तिसऱ्या आठवड्यात आई-बाप स्वतःच पिल्लांपासून दूर पोहू लागतात, तेव्हा वेगळं करायला हरकत नाही.

प्रश्न: डिस्कसच्या विणीची सुरुवात हेकेल या त्यातल्या जातीपासून करावी का?
– एक वाचक, धुळे

ताई, नको. मधला पाचवा पट्टा जाड असलेला हा मासा रिओ नेग्रोच्या काळ्या, आम्लधर्मी पाण्यातला. टाकीत तो फार क्वचित पिल्लं देतो. आधी ब्राऊनची जोडी जमवा. नदीतून पकडलेले मासे आणलेत, तर पोटातल्या जंतांसाठी निदान महिनाभर वेगळे ठेवा आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी येते का ते रोज पाहा.