सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इतका घातक आहे तर उत्क्रांतीत तो जीन नाहीसा का नाही झाला?

कारण त्या बिघडलेल्या जीनची एकच कॉपी असली तर फायदा होतो, दोन असल्या तर आजार. हिमोग्लोबिन म्हणजे लाल पेशीतलं ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन, त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड हे अमिनो ॲसिड असतं, डीएनएतलं एकच अक्षर बदललं की तिथे व्हॅलिन हे दुसरं अमिनो ॲसिड येतं आणि मग ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. एक कॉपी आईकडून, एक वडिलांकडून, म्हणून दोघंही वाहक (म्हणजे बिघडलेली एकच कॉपी असलेले) असतील तर मुलाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के, वाहक व्हायची ५० (आणि हे प्रत्येक मुलाला नव्याने लागू बरं का, पहिल्याला झाला म्हणजे पुढचे तीन सुटले असं नाही, पेपरात इथेच मार्क जातात).

आता वाहकाला सहसा त्रास होत नाही, उलट फाल्सिपेरम हा मलेरियाचा सगळ्यात जीवघेणा प्रकार झाला तरी तो जिवावर बेतायची शक्यता खूप कमी, हे अँथनी ॲलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं. म्हणजे मलेरियाच्या भागात नॉर्मल जीनवाले मलेरियाने जायचे, दोन कॉपीवाले सिकलसेलने, आणि वाहक मात्र जगायचे आणि पुढे त्यांना मुलंबाळं व्हायची, मग जीन जाणार कसा? आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात तो जास्त दिसतो त्यामागेही मलेरियाच आहे असं मानतात.

मलेरिया गेला तर जीन कमी होत जातो, पण फार हळू, कारण वाहकांमध्ये तो लपून राहतो.