वाचकांचे प्रश्न : कणकुंबीच्या रानात एका दिवसाची पायपीट

प्रश्न : नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मी, पत्नी, अकरा वर्षांचा मुलगा आणि बासष्ट वर्षांचे वडील असे चौघे कणकुंबी परिसरातील एका डोंगरवाटेने चालून यावे, असे आमच्या मनात आहे. तिथल्या एका परिचितांनी येऊन-जाऊन १२ किलोमीटर अंतर आणि सुमारे ३०० मीटर चढ असल्याचे सांगितले. सकाळी नऊला घरून निघावे, जांबोटीला नाश्ता करावा आणि अकराच्या सुमारास चालायला लागावे, असे ठरत आहे. आणखी काय पाहावे?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपण अंतर आणि चढ दोन्ही आधीच विचारून घेतलेत, ही गोष्ट मला फार आवडली, बहुतेक जण केवळ ‘जवळच आहे’ एवढ्या शब्दावर निघतात. निघण्याची वेळ मात्र कृपया बदला. डोंगरात चालण्याचा अंदाज बांधण्यासाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही वापरला जातो : सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने आपली वाट तीन तासांची होते. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे, आणि आपल्यासोबत वडील व मुलगा आहेत. तेव्हा पाणी पिणे, बसणे, जेवणे आणि मुलाने दर वळणावर काहीतरी पाहत रेंगाळणे हे सगळे धरून सहा तास मोजा. अकराला निघालात तर परतायला पाच वाजतील. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, परंतु दाट झाडीत त्याच्या बरेच आधी पायाखालचे दगड दिसेनासे होतात आणि गव्यांचे कळप बाहेर पडण्याची वेळही तीच असते.

म्हणून सकाळी सहाला घर सोडा, नाश्ता डब्यात घ्या आणि आठला वाटेला लागा. साडेअकराला, जिथे असाल तिथून, मागे वळायचे हे निघण्यापूर्वीच चौघांनी ठरवा. शेवटचा कडा अगदी समोर दिसत असताना वळणे जिवावर येते, हे मी अनुभवाने सांगतो, तरीही वळा. पुढे वडिलांना चालू द्या, त्यांच्या चालीने सर्वांनी जावे. वडिलांच्या हातात काठी द्या, कारण ज्येष्ठांच्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार अधिक जड जातो.

वाट गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊनच चाला. या भागाचे भूगोलदृष्ट्या एक वैशिष्ट्य आहे. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते, तर याच खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते. म्हणजे आपण पाणलोटाच्या धारेवर चालणार. वाट चुकल्यास ओढ्याच्या कडेने खाली जावे, हा सल्ला इथे घातक ठरू शकतो, कारण पश्चिमेकडे वाहणारे पाणी घाटाच्या कड्यावरून थेट कोसळते. चुकलात असे वाटताच थांबा आणि शेवटची ओळखीची खूण जिथे पाहिली होती, तिथवर मागे या. मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. कुठे जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी कागदावर लिहून ठेवा.

परवानगीची चौकशी आठवडाभर आधी वन खात्याच्या स्थानिक कार्यालयात करा. या तालुक्यातले सुमारे १९० चौरस किलोमीटरचे रान २०११ पासून भीमगड वन्यजीव अभयारण्य आहे. तिथल्या बारापेडे गुहांत जगात मोजक्याच ठिकाणी आढळणारी वटवाघळे राहतात, तेव्हा तिथली बंधने कडक आहेत ती योग्यच आहेत. आपली वाट हद्दीच्या आत येते की बाहेर, हे परिचितांच्या नव्हे, खात्याच्या तोंडून ऐका.

सामानात माणशी दोन लिटर पाणी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, बॅटरी, शिट्टी आणि जखमेवर बांधायच्या पट्ट्या पुरेशा होतात. कुंद्यासारखी मिठाई मात्र घरी ठेवा. फार गोडाने तहान वाढते. बूट आधी घालून चालून पाहा. पावसाळाभर कपाटात पडून राहिलेले माझे जुने बूट एकदा अशाच उतारावर फसले : आधी टाचेजवळ तळवा सुटला, मग प्रत्येक पावलाला टाळीसारखा आवाज येऊ लागला आणि शेवटी पंचाची पट्टी फाडून तो बांधावा लागला. तीन किलोमीटरला अडीच तास लागले. तळव्याचा फोम वापर नसतानाही आतून कुजतो, हे तेव्हा कळले.

प्रश्न : जंगलात गोचिडीची भीती किती बाळगावी? – दुसऱ्या वाचकांचा प्रश्न, खानापूर

उत्तर : काळजी जरूर घ्यावी. गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडताप प्रथम १९५७ मध्ये शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला, आणि २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत, २०१६ मध्ये सिंधुदुर्गात त्याचे रुग्ण आढळले. हे दोन्ही भाग आपल्या तालुक्याच्या शेजारचेच. कोरडे महिने, म्हणजे डिसेंबर ते मे, अधिक जोखमीचे असतात. चालताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, पाचोळ्यावर बसण्यापूर्वी चटई अंथरावी आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता गावात कळवावे. घरी पोचल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी आणि काखा, जांघा, कानांमागची जागा नीट पाहावी, कारण गोचिडीचे पिल्लू मोहरीएवढे, क्वचित त्याहूनही बारीक असते. पुढच्या आठवडाभरात अचानक जोराचा ताप आणि तीव्र डोकेदुखी झाली, तर डॉक्टरांना ‘रानात जाऊन आलो’ हे त्यांनी विचारण्याआधी सांगावे.