नगरपरिषदेची बंद पडलेली शाळा आमच्या मंडळाला अभ्यासिकेसाठी मिळू शकते का?

मिळते. पण तुम्ही लिहिलंय तसा 'इमारत आमच्या मंडळाला द्यावी' एवढाच अर्ज केलात, तर हातात फक्त आवक क्रमांक पडेल. नगरपरिषदेच्या मालमत्ता विभागात मी बरीच वर्षं काढली, म्हणून टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

आधी जागा कोणाची ते बघा. शाळा नगरपरिषद चालवत होती म्हणून जमीनही तिचीच, असं नसतं. सिटी सर्व्हे म्हणजे नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जागेच्या मालकीचा उतारा, काढा. जुन्या शाळांची जागा कधी कुणी बक्षीसपत्राने दिलेली असते आणि 'शाळेसाठीच वापरावी' अशी अट त्यात असते. अशा वेळी तुमची अभ्यासिका सुरू झाल्यावर जागा देणाऱ्याचे वारस हक्क सांगत उभे राहतात. विकास आराखड्यात तिथे कसलं आरक्षण आहे, तेही त्याच फेरीत बघून घ्या.

आता कायदा. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातलं कलम ९२ वाचा. स्थावर मालमत्ता हस्तांतरित करायला शासनाची मंजुरी लागते, पण तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा परिषद स्वतःच्या ठरावाने देऊ शकते. त्यावर पक्कं बांधकाम मात्र करता येत नाही. म्हणून मागणी तीन वर्षांचीच करा. तीस वर्षांची मागितलीत की फाइल मंत्रालयाच्या वाटेला लागली म्हणून समजा.

मुख्याधिकारी नाही म्हणतात ते बहुतेक वेळा दुष्टपणाने नव्हे. त्यांना दोन धास्ती असतात: एक लेखापरीक्षणातला आक्षेप, दुसरी एकदा आत शिरलेली संस्था बाहेर काढण्याची. ही दुसरी धास्ती उगाच नाही. मुंबईत मैदानं आणि बागा संस्थांना सांभाळायला दिल्या, त्यातल्या काहींवर क्लब उभे राहिले. २०१६ मध्ये अशा जागा संस्थांकडे सोपवण्याच्या दत्तक धोरणावरून एवढा गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि महापालिकेला भूखंड परत घ्यायला निघावं लागलं.

पण याच मुंबईत उलटं उदाहरणही आहे. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं, पुढे पार कळाहीन झालं होतं. २००३ मध्ये महापालिका, इंटॅक (वारसा जतन करणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन असा त्रिपक्षीय करार झाला. मालकी महापालिकेचीच राहिली, जाणकारी एकाची, पैसा दुसऱ्याचा. २००८ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. तुमची शाळा एवढी मोठी नाही हे मान्य, पण मालक न बदलता काम कसं वाटून घेतात, ते त्यातून दाखवता येतं.

करारनाम्याचा मसुदा तुम्हीच करून न्या. त्यात अभ्यासिकेच्या उदात्त हेतूंवर दोन पानं नकोत. वीजमीटर कोणाच्या नावावर, जुनी थकबाकी कोण भरणार, संडासाची टाकी भरली तर गाडी कोण बोलावणार, किल्लीचा दुसरा जुडगा कुठे, मुदत संपल्यावर पंखे-कपाटं कोणाची, हे लिहा. अभ्यासिका सर्वांना खुली राहील, इमारतीला मंडळाचं किंवा कुणाचं नाव दिलं जाणार नाही, आणि जमाखर्च दर सहा महिन्यांनी नगरपरिषदेला दिला जाईल, हेही घाला. नावाच्या पाटीवरून जेवढी भांडणं मी बघितली, तेवढी भाड्यावरून नाही बघितली. छप्पर जुनं असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, नगरपरिषदेकडूनच करून मागा. तो अहवाल नसताना मुलं आत बसवू नका.

भाडं नाममात्र मागणार असाल तर ते का, याचं कारण ठरावातच यायला हवं. नुसतं 'सर्वानुमते मंजूर' लिहिलेला ठराव विरोधक त्याच अधिनियमाच्या कलम ३०८ खाली स्थगितीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे घेऊन जातात आणि तिथे तो अडकतो. सूचक एका गटाचा, अनुमोदक दुसऱ्या गटाचा मिळवलात तर निम्मं काम झालं. आणि हे सगळं आचारसंहिता लागायच्या आत विषयपत्रिकेवर आणा, कारण नंतर कोणीही फाइलला हात लावणार नाही.