एक गाणं द्या, एक न्या

या सदराचा नियम जुनाच आहे, नव्या वाचकांसाठी पुन्हा सांगते. प्रश्न विचारा, पण सोबत तुम्ही सध्या काय ऐकताय तेही लिहा. ‘काहीतरी चांगलं सुचवा’ एवढंच लिहिलेली पत्रं मी बाजूला ठेवते. मिरजेत माझं कॅसेटचं दुकान होतं, तेव्हाही ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारायचे, मागल्या खेपेला काय नेलं होतं? आवडलं का? पुन्हा लावलं का? दुकान २००७ साली बंद झालं, पण ती सवय काही सुटली नाही.

या महिन्यात पत्रं बरीच आली. पाच घेतली आहेत.

माझा मुलगा बावीस वर्षांचा. खोलीचं दार लावून तो जे ऐकतो त्यात गाणारा गातोय की भांडतोय तेच कळत नाही. त्याला ‘मेटल’ म्हणतात म्हणे. मी चाळीस वर्षं यंत्रमाग चालवले. हल्ली आमच्यात जेवणापुरतं बोलणं होतं, म्हणून विचारतो, यात ऐकायचं काय असतं? मी सध्या ऐकतो ते वसंतराव देशपांडे. — इचलकरंजी

काका, ज्यांचे कान चाळीस वर्षं मागाच्या शेडमध्ये गेले त्यांनी आवाजाची तक्रार करावी, याचं मला आधी हसू आलं. मग वाटलं, हे गाणं कळायला तुमच्याइतका लायक माणूस दुसरा नाही.

हे संगीत आलं कुठून, तर इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममधून. कारखान्यांचं गाव. तिथे टोनी आयोमी नावाचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि त्याच दिवशी उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशिनीत गेली. तो डावरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात तोच. पठ्ठ्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. पुढे तारा दाबताना बोटांना जोर पडू नये म्हणून त्या सैल केल्या. तार सैल केली की सूर खाली उतरतो, आवाज जड होतो. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम १९७० साली आला आणि मेटलवाले आपली वंशावळ तिथूनच मोजतात. इचलकरंजीत असा अपघात झालेला एक तरी कामगार तुम्ही पाहिला असेलच.

आता ऐकायचं कसं? गाणाऱ्याकडे पहिल्यांदा लक्षच देऊ नका. ड्रमवाल्याच्या पायाजवळ जो मोठा ड्रम असतो, तो दोन्ही पायांनी, दोन पेडलवर वाजवतात. फक्त तो धरा. धोट्याच्या येण्याजाण्यावरून माग नीट चाललाय की सूत तुटलंय हे तुम्हाला पाठमोरं उभं राहून कळत होतं ना? तोच कान लावा. तिसऱ्या वेळी गिटार कळेल. आणि तो घोगरा आवाज म्हणजे घसा फाडणं नव्हे. त्याचा रियाज असतो. नुसतं ओरडून कोणी दीड तासाचा कार्यक्रम रोज करू शकत नाही, दुसऱ्या दिवशी आवाजच बसेल.

सुरुवात ब्लडीवुडपासून करा. दिल्लीचा बँड, ‘रक्षक’ हा त्यांचा २०२२ चा अल्बम. हिंदी, पंजाबी आणि इंग्रजी एकत्र, त्यात ढोल आणि बासरी. ढोल आला की तुम्ही घरी आल्यासारखे व्हाल.

आणि मुलाला फुकट काही घेऊ देऊ नका. एकास एक. पण त्याला वसंतरावांची तासाभराची मैफल देऊ नका, पोरगं दहाव्या मिनिटाला उठेल. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी द्या, ‘पिया बिन नाही आवत चैन’. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, तेव्हा खाँसाहेबांना जे सांगायचं ते तेवढ्यात सांगावं लागलं. मेटलच्या गाण्याहूनही लहान. आवडली तर मुलाला घेऊन मिरजेला या. मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेबांची कबर आहे. उरुसात तिथे गवई हजेरी लावतात आणि रात्रभर गाणं चालतं. तिकीट नाही.

मी इंडियन ओशन ऐकतो, त्यातही ‘कंदिसा’ फार. होस्टेलवरचा मित्र म्हणतो, शब्द कळत नाहीत ते गाणं ऐकणं म्हणजे निव्वळ भाव खाणं. त्याला काय उत्तर देऊ? — लातूर

उत्तर देऊ नकोस, हा किस्सा वाचून दाखव.

‘कंदिसा’ अल्बम २००० साली आला. मी तो दुकानात लावला तेव्हा मलाही एक शब्द कळला नव्हता. वाटलं, कुठल्या तरी डोंगराळ भागातली भाषा असेल. रविवार होता. मिरजेत मिशनची दवाखान्याची परंपरा जुनी, त्यामुळे केरळच्या नर्सिंगच्या मुली गावात कायम असायच्या. रविवारी सकाळी चर्चहून येताना दोघी-तिघी दुकानात डोकावत. बहुतेकदा येसुदास नेत, नाहीतर कोरी कॅसेट. त्या दिवशी एक मुलगी पायरीवरच थांबली. पर्स काखेत धरून, मान थोडी तिरकी. मग तिचे ओठ हलायला लागले. गाण्याच्या अर्धा शब्द पुढे होती ती!

मी विचारलं, तुला येतं हे? म्हणाली, दीदी, ही आमची प्रार्थना आहे. सिरियाक, म्हणजे अरामीच्या घराण्यातली भाषा. केरळातल्या जुन्या ख्रिस्ती मंडळींनी ती उपासनेत जपली आहे. पवित्र देव, पवित्र बलवान, पवित्र अमर, एवढाच अर्थ. तिने तो मला माझ्याच बिलबुकाच्या मागे लिहून दिला. मग शेवटी गाणं चढायला लागलं, ड्रम वाढले, तसं तिने नाक मुरडलं. ‘चर्चमध्ये असं नाही म्हणत,’ म्हणाली. कॅसेट घेतली नाही. येसुदासच नेला.

म्हणजे बघ, जिला शब्द न् शब्द येत होता तिला ते पटलं नाही आणि जिला काहीच कळत नव्हतं तिने त्या दिवशी ते चार वेळा लावलं. अर्थ कळल्यावर माझं ऐकणं थोडं बदललं, हे खरं. ‘बलवान’ कुठे येतो ते मी शोधायला लागले. पण गाण्याची चढण मला आधीच कळली होती.

तुला आता तिनारिवेन देते. सहारा वाळवंटातले तुआरेग लोक, बँड मूळचा मालीच्या उत्तर भागातला. नावाचा अर्थच ‘वाळवंटं’. १९७९ पासून हे एकत्र वाजवताहेत. त्यांच्या इब्राहिम आग अल्हबीबने लहानपणी पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून पहिली गिटार केली होती. भाषा तमाशेक, तुलाही कळणार नाही नि मलाही नाही. गिटार इलेक्ट्रिक, पण चाल उंटाची, घाई नावाला नाही. टाळ्या ऐक, त्यांच्यावर सगळं उभं आहे. २००७ चा ‘अमान इमान’ घे. त्या नावाचा अर्थ ‘पाणी म्हणजे जीवन’. २०१६ च्या एप्रिलात आमच्या मिरजेहून तुमच्या लातूरला रेल्वेने पाणी गेलं, तेव्हा स्टेशनात वाघिणी भरताना बघायला आम्ही गेलो होतो. तुला त्या नावाचा अर्थ समजावून सांगायला नको.

मी मूळची कोल्हापूरची, सध्या डब्लिनमध्ये नोकरी करते. घरातल्या मैत्रिणींनी मला फॉन्टेन्स डी. सी. ऐकवला, आता त्या मराठी बँड मागताहेत. लग्नातली नाचाची गाणी सोडून काय देऊ? — डब्लिन

तुझं पत्र वाचून ‘डॉग्रेल’ ऐकला. २०१९ चा, त्यांचा पहिलाच अल्बम. गाणारा डब्लिनच्या उच्चारातच गातो, गुळगुळीत करत नाही, हे मला फार आवडलं. कोल्हापूरच्या मुलीने हे पाठवावं यात नवल नाही.

मराठीत बँड म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतो तो लाल कोट, पितळी वाद्यं आणि पुढे झुंबर घेतलेला माणूस. मागच्या अंकात मी ‘तुमचा आवडता बँड कळवा’ असं छापलं, तर तासगावहून एका गृहस्थांचा फोन आला. मेमधली तारीख मोकळी आहे का म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. आमच्याकडे गाणं लिहिणारा वेगळा, चाल लावणारा वेगळा, गाणारा वेगळा, आणि वाजवणाऱ्यांची नावं तर कॅसेटच्या वेष्टनावरही नसत. चार जणांनी मिळून लिहायचं, वाजवायचं आणि आपल्या नावाने उभं राहायचं, ही रीत मराठीत रुजायला वेळ लागला. म्हणून यादी मोठी नाही. असली असती तरी मी दोनच दिली असती.

पहिला, अभंग रिपोस्ट. मुंबईची मुलं. संतांचे अभंग, खाली बास गिटार आणि ड्रम. मला भीती होती की अभंगाला नुसता गिटारचा मुलामा दिला असेल. तसं नाही, ठेका टाळकऱ्यांच्या ओळखीचा राहतो. माझ्या शेजारच्या आजी वारी करतात. त्यांनी डोळे मिटून दोन अभंग ऐकले, मग ‘बरं म्हणतात’ म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ.

दुसरा, स्वदेसी. हा मुंबईचा हिप-हॉप गट, अनेक भाषांत म्हणणारा. त्यातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. आरेच्या जंगलावरचं ‘द वारली रिव्होल्ट’, २०१९ चं, प्रकाश भोईर यांच्याबरोबरचं, ते मैत्रिणींना दे. प्रकाश भोईर आरेतल्याच पाड्यावरचे आदिवासी कार्यकर्ते. डब्लिनच्या पोरींना उच्चार न घासता म्हणणं म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. फक्त एक कर. दोन्ही गाणी एकाच दिवशी देऊ नकोस. एक मुरू दे.

ॲप मला रोज तीच तीच वीस गाणी फिरवून ऐकवतं. नवीन कसं शोधू? सध्या ऐकतेय : थैक्कुडम ब्रिज. — पिंपरी

गाणं संपल्यावर आपोआप पुढचं लागायची सोय बंद करा. आणि वाजवणाऱ्याच्या मागे जा. थैक्कुडम ब्रिज केरळचा, त्यातला व्हायोलिन वाजवणारा गोविंद वसंता. त्यानेच २०१८ च्या ‘९६’ या तमिळ चित्रपटाचं संगीत केलं. मल्याळममध्ये त्यांच्याआधी २००८ साली ‘अवियल’ नावाच्या बँडचा त्याच नावाचा अल्बम आला होता, तोही घ्या. अवियल म्हणजे केरळी मिश्र भाजी, नाव चोख ठेवलंय.

मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की ‘गँगस्टर’मधल्या ‘भीगी भीगी’ची मूळ चाल मोहीनेर घोडागुली या बंगाली बँडच्या १९७७ च्या अल्बममधली आहे. चूक. मी तीस वर्षं कोलकात्यात आहे, माझ्याकडे ती कॅसेट आहे. — कोलकाता

साहेब, बरोबर तुमचं. बँड सत्तरच्या दशकातला, पहिला अल्बम १९७७ चाच, पण ‘पृथिबीटा नाकि’ हे गाणं त्यात नाही. मूळ बँड तोवर केव्हाच पांगला होता. गौतम चट्टोपाध्याय यांनी नव्या पोरांना जमवून १९९५ साली जो संग्रह काढला, त्यात ते आलं. संग्रहाचं नाव ‘आबार बछोर कुडि पॉरे’, म्हणजे पुन्हा वीस वर्षांनी. नाव वाचूनच मला कळायला हवं होतं. कॅसेट विकू नका. विकायचीच झाली तर आधी मला कळवा.

आता या वेळचं माझं देणं-घेणं. नियम मलाही लागू आहे.

देणं वर झालं. घ्यायचं आहे ते असं : १९९८ च्या सुमाराला मेघालयातली एक मेडिकलची विद्यार्थिनी परीक्षा संपवून गावी जाताना दुकानात एक कॅसेट ठेवून गेली. टीडीकेची, साठ मिनिटांची. लेबलवर निळ्या शाईत फक्त ‘बी साइड आधी’. गेल्या आठवड्यात माळ्यावर सापडली. लावली तर आवाज लोकरीत गुंडाळल्यासारखा. उघडून पाहिलं, फीत हेडवर दाबून धरणारा फेल्टचा तुकडाच गळून पडला होता. एका जुन्या भजनाच्या कॅसेटमधला काढून चिमट्याने बसवला. आता स्वच्छ ऐकू येतंय. एक गिटार, एक बाई, आणि मागे दोन-तीन आवाज वेगवेगळ्या पट्टीत. भाषा खासी असावी. दुसऱ्या गाण्यात मध्येच कुत्रं भुंकतं आणि गाणारी हसते, पण ताल सोडत नाही. घरीच भरलेली असणार.

शिलाँगकडचं कोणी ओळखीचं असेल तर कळवा. मी फोनवर ऐकवीन. ए साइड अजून लावलेली नाही.