जुन्या क्लासिक कारच्या इंजिनातून तेल गळते आणि आयडलिंगही (गाडी उभी असताना इंजिनाचे मंद चालणे) अडखळते. तपासणी कोठून सुरू करावी?

सील बदलण्याआधी क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या पेटीचा) ब्रीदर, म्हणजे आतले वायू बाहेर सोडणारी वाट, तपासावा, कारण तो तुंबला असेल तर पिस्टन रिंगांमधून खाली उतरणाऱ्या वायूंचा दाब आत साठतो आणि नवे गॅस्केटही (दोन भागांच्या जोडातली गळती रोखणारी पट्टी) तेल रोखू शकत नाही. मग इंजिन स्वच्छ करून, थोडा वेळ चालवून, गळती वरून खाली शोधत यावे. तळाशी दिसणारे तेल पुष्कळदा रॉकर कव्हरवरून (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणावरून) ओघळलेले असते. तेथील कॉर्कचे गॅस्केट बोल्ट जास्त आवळल्यास चिरडते.

इंजिन अडखळते म्हणून लगेच कार्ब्युरेटरचे (हवा आणि पेट्रोलचे मिश्रण करणाऱ्या भागाचे) स्क्रू फिरवू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. आधी कॉन्टॅक्ट पॉइंटांमधील (ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांमधील) फट, त्यानंतर इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासावे. ब्रीदरची नळी इनटेक मॅनिफोल्डला (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळ्यांना) जोडलेली असेल, तर तिच्या चिरेतून शिरणारी जादा हवाही मिश्रण पातळ करून आयडलिंग बिघडवते.