स्कॉटलंडला ये, पण पैसे भरायच्या आधी दारांचं विचारून घे

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मी ट्रान्स मुलगी, म्हणजे जन्माला मुलगा म्हणून नोंदलेली; शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी झाली, स्टर्लिंगला मत्स्यसंवर्धनाच्या एमएस्सीची ऑफर आहे, बाबा आचऱ्याच्या बागेवर कर्ज काढायला तयार आहेत, पण तिकडच्या कोर्टाने ट्रान्स बायकांना बाई मानायचं नाही असं ठरवलंय म्हणे, मग यावं की नाही?

मी हर्णैची. अकरा वर्षं स्कॉटलंडमध्ये आहे, एका विद्यापीठाच्या वसतिगृह कार्यालयात. मी स्वतः ट्रान्स नाही, त्यामुळे मनाला कसं वाटेल ते मी सांगणार नाही. खोल्या, किल्ल्या आणि कागद यांचं मात्र सांगू शकते.

आधी कोर्टाचं. १६ एप्रिल २०२५ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की २०१० च्या समानता कायद्यात ‘स्त्री’, ‘पुरुष’ हे शब्द जन्माच्या, जैविक लिंगाबद्दल आहेत. लिंगबदलाचं सरकारी प्रमाणपत्र हातात असलं तरी या कायद्यापुरता अर्थ तोच. खटला मूळचा इथलाच, स्कॉटलंड सरकारविरुद्धचा. व्हॉट्सॲपवर फिरतं ते इतकंच. त्याच कायद्यात लिंगबदल करणाऱ्या, किंवा करायचं ठरवलेल्या माणसाला वेगळं संरक्षण आहे, ते जागच्या जागी आहे आणि निकालातही तसं स्पष्ट लिहिलंय. त्याला ऑपरेशन लागत नाही, प्रमाणपत्र लागत नाही. त्यामुळे एखाद्या सरांनी तुला छळायला मुद्दाम जुन्या नावाने हाक मारत राहणं, ट्रान्स आहेस म्हणून प्रयोगशाळेच्या गटातून वगळणं किंवा घरमालकाने खोली नाकारणं काल बेकायदा होतं, आजही आहे. बाई समजून कोणी त्रास दिला तरी तक्रार करता येते.

मग बदललं काय? दारं. फक्त बायकांसाठी म्हणून ठेवलेली जागा, जिथे ट्रान्स बाईला आता अडवलं जाऊ शकतं: स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, सामाईक न्हाणीघराचा मजला. खेळातही तेच, इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने आणि इंग्लंड-स्कॉटलंड दोन्हीकडच्या फुटबॉल संघटनांनी २०२५ मध्येच बायकांच्या संघांचं दार बंद केलं.

त्या सप्टेंबरची गोष्ट सांगते, कारण चूक माझी होती. मुंबईची एक मुलगी, तुझ्यासारखीच, उन्हाळ्यात मला विचारत होती की मुलींच्या फ्लॅटमध्ये खोली मिळालीय, चालेल ना? मी लिहिलं, काळजी करू नकोस. ती आली. फडताळात डाळ-तांदूळ लावले, आमसुलाची पुडी खिडकीत ठेवली आणि दहाव्या दिवशी वरून निरोप आला की सामाईक न्हाणीघर असलेला तो फ्लॅट आता ‘फक्त बायकांचा’ आहे, दुसरीकडे हलवा. हलवलं आम्हीच, रात्री आठला, पावसात. माझ्या हातात तिचा कुकर होता. ती एक शब्द बोलली नाही, नव्या खोलीच्या दाराशी पोचल्यावर फक्त म्हणाली, “ताई, हे जुलैत कळलं असतं तर मी आधीच इकडे आले असते.” नवी खोली चांगली होती. प्रश्न खोलीचा नव्हताच.

म्हणून तू अनामत भरायच्या आधी विद्यापीठाला मेल कर आणि मोघम विचारू नकोस. ‘तुम्ही ट्रान्स विद्यार्थ्यांना मदत करता का’ असं विचारलंस की ‘आमच्याकडे सर्वांचं स्वागत आहे’ असं गोड उत्तर येतं. त्या उत्तराला काडीचाही आधार नाही. विचार असं: मला स्वतःचं न्हाणीघर असलेली खोली लेखी मिळेल का, आणि वर्षभर तीच राहील का? माझा वर्ग असलेल्या इमारतीत, आतून कडी लागणारं, कोणीही वापरावं असं स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे? हॅचरीवर (मत्स्यबीज केंद्रावर) किंवा फील्डला गेल्यावर कपडे कुठे बदलायचे? तुमच्या विषयात पाण्यात उतरायचा वॉटरप्रूफ पोशाख चढवावा लागतो, हे त्या कार्यालयातल्या कोणाच्या डोक्यातही येणार नाही. उत्तर नावानिशी, तारखेनिशी आलं पाहिजे. फोनवर सांगितलं तर ‘आपलं असं बोलणं झालं’ म्हणून त्यांनाच मेल टाक.

कागदांचं. ओरोसहून जिल्हाधिकाऱ्यांचं ट्रान्स ओळखीचं प्रमाणपत्र काढलंयस ते उत्तम, पण इथे सगळं पासपोर्टवर चालतं. प्रवेशाचं पत्र, व्हिसा, बँक, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव. तेव्हा आधी पासपोर्ट नव्या नावाचा कर, मगच व्हिसाचा अर्ज. दापोलीच्या विद्यापीठाची पदवी जुन्या नावाची असेल तर नावबदलाच्या राजपत्राची प्रत जोड आणि पदवी बदलून मिळायचा अर्ज आत्ताच टाकून ठेव. एकदा इकडे आलीस की त्या खिडकीशी बाबांनाच उभं राहावं लागेल.

औषधं. व्हिसाबरोबर आरोग्याचे वर्षाला ७७६ पौंड भरावे लागतात, मग सरकारी डॉक्टर मिळतो आणि स्कॉटलंडमध्ये चिठ्ठीवरची औषधं फुकट. पण जेंडर क्लिनिकची, म्हणजे लिंगबदलाच्या उपचारांच्या दवाखान्याची, रांग काही वर्षांची आहे, तुझा कोर्स एका वर्षाचा. त्या रांगेच्या भरवशावर येऊ नकोस. तिकडच्या डॉक्टरांकडून डोस, तारखा, रक्ततपासण्या असं सगळं इंग्रजीत टाइप करून, सही-शिक्क्यानिशी आण. इथले काही डॉक्टर ते पाहून पुढची चिठ्ठी देतात, काही नाही देत; पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवलंस तर दुसरा शोधायला वेळ उरतो.

यावं की नाही म्हणशील, तर माझ्या मते ये. पण बागेवरचं कर्ज मेलचं उत्तर हातात पडल्यावर. मेलचा मसुदा मराठीत लिहिलास तरी चालेल, इंग्रजी मी करून देते.