प्लास्टर निघालं तरी फॉलोअप सोडू नका

ताई, बारा वर्षांच्या मुलाला कबड्डीत गुडघ्याच्या वर ग्रोथ प्लेटचं (हाड जिथून वाढतं त्या कूर्चेच्या थराचं) फ्रॅक्चर, प्लास्टर निघालं आणि 'त्रास झाला तरच या' म्हणून सांगितलं, हे वाचून राहवलं नाही. आमच्या लेकीलाही असंच फ्रॅक्चर झालं होतं, तिच्या डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीच्या रकान्यात एवढंच होतं: 'एसओएस', म्हणजे गरज पडली तरच या. त्या तीन अक्षरांचा राग अजून जात नाही. हॉस्पिटल मोठं होतं, नाव घेत नाही.

मी डॉक्टर नाही, आमचं झालं ते सांगते. व्यायाम वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

मांडीच्या हाडाची जवळपास 70 टक्के वाढ गुडघ्याकडच्या प्लेटमधून होते, वर्षाला साधारण सेंटिमीटरभर. हाड जुळलं तरी प्लेट बंद पडू शकते. सगळी पडली तर पाय आखूड, एका बाजूने पडली तर वाकडा. आणि दुखत काहीच नाही, मग 'त्रास' होणार कधी? आमची लेक मजेत नाचत होती. नव्या युनिफॉर्मची सलवार एकाच पायाशी जमिनीवर लोळायला लागली, तेव्हा कुठे शंका आली.

प्लेटमध्ये हाडाचा बार, म्हणजे वाढ अडवणारा हाडाचा पूल, तयार झाला असेल, तो निम्म्याहून कमी भागात असेल आणि वाढीची निदान दोन वर्षं शिल्लक असतील, तर तो काढण्याचा विचार होतो. आमची ती वेळ टळून गेली होती. मुलींची वाढ चौदाच्या आसपास आटोपते, मुलांची सोळाच्या. शेवटी दोन्ही पायांच्या लांबीतला फरक आणखी वाढू नये म्हणून धडधाकट पायाची प्लेट बंद करायचं ऑपरेशन करावं लागलं. ज्या पायाला काही झालंच नव्हतं, त्याला टाके!

'टाइप टू (ग्रोथ प्लेट फ्रॅक्चरचा एक प्रकार) आहे, साधं आहे' असं डॉक्टर म्हणाले तरी निर्धास्त राहू नका. मनगटाला ते बहुतेकदा चालतं, मांडीच्या हाडाला गुडघ्यापाशी नाही. माझं स्पष्ट मत, मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांनाच दाखवा. दर चार-सहा महिन्यांनी दोन्ही पायांचा उभ्याने एकत्र लांब एक्स-रे काढायचा का, ते विचारा. प्लेटजवळ दिसणारी बारीक पांढरी रेषाही दाखवायला सांगा. ती प्लेटला समांतर राहून दूर सरकत असेल तर बरं. तिरकी होऊन प्लेटला टेकत असेल तर पुढे एमआरआय लागू शकतो.

एक्स-रेची सीडी आत्ताच मागून घ्या. मोबाइलवरच्या फोटोवरून नीट मापं काढता येत नाहीत, आणि जुन्या फिल्मसाठी रेकॉर्ड सेक्शनच्या खिडकीत जे ऐकून घ्यावं लागतं, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.